जयगडच्या खाडीवर : किल्ला, गाऱ्हाणे आणि भगताचा मंत्र

वाचकहो, भातकापणी आटोपली आहे आणि आंब्याला मोहोर यायला अजून अवकाश आहे, असे दोन-चार मोकळे दिवस सापडले तर एकदा जयगडला जाऊन या. घाटावरच्या मंडळींनी तर जरूर जावे. गणपतीपुळ्याला तुमच्यापैकी पुष्कळजण जातातच. देवदर्शन होते, समुद्रात पाय भिजतात, आणि गाडी मागे फिरते. ती मागे न फिरवता उत्तरेला आणखी वीस-एक किलोमीटर न्या. वाटेत मालगुंड लागते. कवी केशवसुतांचे हे जन्मगाव. तिथे अर्धा तास थांबा. पुढे रस्ता सड्यावर चढतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. ज्यांनी काळी जमीन पाहिली आहे त्यांना हे कातळ पाहून प्रश्नच पडतो की इथे माणसे पिकवतात तरी काय. याच कातळाला भगदाडे पाडून, त्यांत माती भरून हापूसची कलमे उभी केली आहेत. रत्नागिरीच्या आंब्याचे कौतुक करताना त्या खड्ड्यांत डोक्यावरून वाहिलेली माती कोणी आठवत नाही.

सडा उतरला की समोर शास्त्री नदीची खाडी दिसते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या टेकाडावर जयगडचा किल्ला. पलीकडच्या तीरावर गुहागर तालुक्यातले तवसाळ. अलीकडे या देखाव्यात औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि मोठ्या बंदराच्या यारीही आल्या आहेत. बाराशे मेगावॉटचे हे केंद्र २०१०-११ च्या सुमारास सुरू झाले. ते सुरू होण्याआधीपासून बागायतदारांच्या मनात आंब्याविषयी धास्ती होती. तिच्याविषयी पुढे एक शब्द बोलेन.

किल्ला विजापूरकरांनी सोळाव्या शतकात बांधला असे मानतात. मग तो संगमेश्वरच्या नाइकाकडे गेला. हा नाईक इतका डोईजड झाला की १५८३ च्या सुमारास पोर्तुगीज आणि विजापूरकर यांनी मिळून त्याच्यावर चढाई केली. पुढे तो कान्होजी आंग्र्यांकडे आला, आणि १८१८ च्या जून महिन्यात इंग्रजांनी घेतला. तट आणि बुरूज अजून चांगले उभे आहेत. बाहेरून खंदक आहे, आत विहिरी आहेत, गणपतीचे देऊळ आहे, आणि मधोमध आंग्र्यांचा वाडा म्हणून दाखवतात ती पडकी इमारत आहे. बुरुजावर उभे राहिले की खाडीचे तोंड तळहातासारखे दिसते. इथून गलबत चुकवून नेणे कोणाला जमले नसेल.

पण तुम्ही गावच्या माणसाला किल्ल्याची गोष्ट विचाराल तर तो नाइकाची सांगणार नाही, आंग्र्यांचीही सांगणार नाही. तो जयबाची सांगेल. किल्ल्याचे बांधकाम चालले होते आणि काही केल्या पुरे होत नव्हते. बांधलेले ढासळत होते. जागा माणसाचा बळी मागते आहे असे सांगणारा कोणी निघाला. तेव्हा जयबा नावाचा तरुण आपणहून पुढे झाला. त्याला पायात घातला, आणि मग तट उभा राहिला. त्याने एवढेच मागितले की किल्ल्याला माझे नाव द्या. म्हणून हा जयगड. किल्ल्यात त्याचे स्थान दाखवतात. येणारा-जाणारा तिथे हात जोडतो.

मीही हात जोडतो. पण मी शेतकी शाखेचा पदवीधर, माती पाहण्याची सवय जात नाही. तट चढून पाहिला की वाटते, जांभा पावसाचे पाणी पितो, तटामागची भर फुगते, आणि पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली नसेल तर भिंत पोटातून फुटते. तुमच्या भाताच्या खाचराचा बांध श्रावणात फुटतो तो याच कारणाने. कोणा शहाण्या गवंड्याने पाणी काढून दिले असेल आणि तट राहिला असेल, असा माझा आपला तर्क. जयबा खरा असला तर त्या पोराचा जीव फुकट गेला. हा विचार मनात आला की त्या जागी हात जोडताना मला बरे वाटत नाही.

जागा काहीतरी मागते, कोणीतरी बोलावून विचारले पाहिजे, विचारण्याचे शब्द कोणाला तरी ठाऊक असतात, ही समजूत या सगळ्या किनाऱ्यावर खोल आहे. आज तुम्हाला त्या शब्दांकडेच न्यायचे आहे. भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला सगळ्यांनाच आवडतात, मलाही आवडतात. पण या विषयात माझ्याकडून एक चूक झालेली आहे, ती सांगितल्याशिवाय हे प्रवासवर्णन पुरे व्हायचे नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. घाटावरचे लोक कोकणातल्या साऱ्याच प्रकाराला ‘देवस्की’ म्हणून एका पोत्यात भरतात. ते बरोबर नाही. इथे गाऱ्हाणे असते आणि मंत्र असतो, आणि दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गाऱ्हाणे गावाच्या देवळात, सर्वांसमोर, मोठ्या आवाजात घालतात. गुरव किंवा गावचा मानकरी नारळ हातात घेऊन उभा राहतो. ग्रामदेवतेचे नाव घेतो, मग चारी सीमांवरच्या राखणदारांची, पूर्वजांची, वाटेवरच्या ओढ्यावरच्या सगळ्या ठिकाणांची नावे घेतो. गावात कोणाला ताप आला आहे, कोणाची गाय हरवली आहे, मुंबईला गेलेल्या पोरांना नोकरी लागू दे, असे सगळे त्यात येते. दर वाक्याला जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून हुंकार भरतात. एकदा तरी ऐका. त्यात चोरून काही नाही. ज्याची तक्रार त्याच्या तोंडावर. माझ्या मते ती देवळात भरलेली ग्रामसभाच असते, आणि काही गावांत खऱ्या ग्रामसभेपेक्षा तिथे हजेरी जास्त असते. कौल लावणेही तसेच उघड्यावर चालते. देवाच्या पाषाणावर कळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे आणि कोणत्या बाजूचे आधी पडते ते साऱ्यांनी पाहायचे.

मंत्राचे तसे नाही. मंत्र पुटपुटायचा. दुसऱ्याने ऐकू नये, ऐकला तर कळू नये. ज्याला तो येतो त्याला कोठे भगत म्हणतात, कोठे जाणता, कोठे देवऋषी. जुन्या माणसांच्या तोंडी पंचाक्षरी हा शब्दही होता. आणि त्याच्यासमोर बसवलेल्या बाधित माणसाला म्हणतात ‘झाड’. आम्ही बागेतल्या झाडाला पाहायला जातो आणि हे माणसाच्या झाडाला, एवढाच काय तो फरक, असे मी पूर्वी थट्टेने म्हणत असे.

उद पेटतो. झाडाच्या कपाळाला अंगारा लागतो. भगत तोंडातल्या तोंडात सुरू करतो. हे शब्द संस्कृत नसतात. शाबरी मंत्र म्हणतात ते हेच, आणि त्यांचा उगम लोक मच्छिंद्रनाथांशी जोडतात. मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ सालच्या पोथीत शाबरी विद्येची कथा आहे, ती तुमच्यापैकी अनेकांच्या घरी श्रावणात वाचली जाते. मंत्राची भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी, मध्येच नुसते ठोके. कोठे काली, कोठे वेताळ, कोठे एखाद्या पिराचेही नाव. गंमत अशी की यात देवाची विनवणी कमी आणि दटावणी जास्त. तुला तुझ्या गुरूची आण, आईची आण, आला नाहीस तर अमुक होईल, अशी. सावकाराच्या दारात उभा असलेला वसुलीचा माणूस बोलतो तसा भगत भुताशी बोलतो. लय मात्र पक्की असते. ठोका हळूहळू जलद होतो, श्वास आखूड होतो, ऐकणाराही त्याच श्वासावर येतो. मग झाड घुमू लागते. आणि प्रश्न सुरू होतात: कोण तू? कुठला? का धरलेस? काय घेऊन जाशील? भूत नाव सांगते, कोंबडा मागते, साडीचोळी मागते, घासाघीस होते, आणि उतारा तिठ्यावर ठेवला जातो.

नावे ऐका त्या भुतांची. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अलवंत. पाण्यात बुडून मेला, तो पाण्याकाठी वाट अडवणारा गिऱ्हा. समंध, खवीस, देवचार, झोटिंग, आणि सगळ्यांचा राजा वेताळ. शंभर वर्षांपूर्वी ही सगळी यादी इंग्रजी पुस्तकात गेली, ती कशी हेही ऐकण्यासारखे आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना या लोकसमजुतींचा फार नाद. मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरे मागवून त्यांनी टिपणे जमवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाटकगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे मूळ आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचे. जॅक्सनच्या मागे ती टिपणे एन्थोवेन या अधिकाऱ्याने लावून घेतली आणि कोकणाचा भाग १९१५ साली छापला. त्यात रत्नागिरीकडच्या मास्तरांची उत्तरे आहेत. ग्रहणात, अमावास्येला पाण्यात उभे राहून मंत्र कसा सिद्ध करायचा हेही मास्तरांनी लिहून पाठवले आहे. सरकारचा कागद आला म्हणजे उत्तर दिलेच पाहिजे, ही आमच्या खात्यासारखीच रीत.

ती नावे वाचताना माझ्या लक्षात आले की ही यादी म्हणजे टाळता आले असते अशा मरणांची यादी आहे. बाळंतपण, बुडणे, पोरवयातला ताप. ज्या घरात असे मरण येते त्या घराला झोप लागत नाही. आपण काही करायचे राहून गेले का, हा प्रश्न रात्री दार वाजवतो. भगत त्या प्रश्नाला नाव देतो, बोलते करतो, आणि कोंबड्यावर समजूत काढतो. म्हणून मी भगताला सरसकट लबाड म्हणत नाही. लबाड आहेत, आणि पुष्कळ आहेत. विशेषतः जे फोनवर पैसे मागतात, घरात पुरलेले धन दाखवतात, बाईला एकटी बोलावतात, त्यांना थेट पोलिसांच्या हवाली करावे. पण ज्यांनी कधी पैसा घेतला नाही असेही मी पाहिले आहेत. पैसा घेतला तर मंत्र उतरतो, असे ते मानतात.

तरी करणीची गोष्ट आली की माझा संयम सुटतो. याच भागातल्या दोन भावांची एक हकिगत सांगतो, नावे सांगत नाही. बाग वाटून घेतलेली. एका वर्षी धाकट्याच्या कलमांचा मोहोर काळा पडून गळाला, थोरल्याचा राहिला. धाकट्याने भगत गाठला. झाडाच्या बुंध्याशी टाचण्या टोचलेले लिंबू निघाले. ते कोणी ठेवले देव जाणे. झाले, भावानेच करणी केली. मी गेलो तेव्हा दोघांच्या बायकाही पाण्याला वेगवेगळ्या वाटेने जात होत्या. मी धाकट्याला संध्याकाळी कलमाखाली उभा केला. तुडतुड्याचा जोर असला म्हणजे झाडाखाली पाऊस पडल्यासारखा टपटप आवाज होतो, तो त्याला ऐकवला. पानावर बोट फिरवायला लावले, चिकट लागले. तुडतुडा मोहोराचा रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, आणि मोहोर काजळ लावल्यासारखा दिसतो. भिंगातून त्याला पिल्ले दाखवली. थोरल्याने दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे मोहोर येण्याआधी पालवीवरच पहिली फवारणी केली होती, धाकट्याने मोहोर दिसल्यावर केली. एवढाच मंत्र. धाकट्याने सगळे ऐकून घेतले, मान डोलावली, पुढच्या वर्षापासून फवारणीही वेळेवर केली. भावाशी बोलायला मात्र त्याला आणखी दोन वर्षे लागली. आता मोहोर काळा पडला की भगताऐवजी वीज केंद्राच्या चिमणीकडे बोट जाते. चिमणीचे काय ते तज्ज्ञांनी तपासावे, बागायतदारांनी त्याचा पाठपुरावाही करावा; पण आधी झाडाखाली उभे राहून कान द्या.

आता माझी चूक. १९९७ चा ऑक्टोबर महिना. पीक कापणी प्रयोगासाठी मी या खाडीकाठच्या एका गावात गेलो होतो. शेतात मोजणी चालली होती, आणि शेजारच्या खाचरात भारे उचलणाऱ्या एका गड्याला फुरशाने बोटाला दंश केला. सकाळचे अकरा वाजले असतील. साप मारला गेला होता, मी पाहिला. वीतभर लांबीचा, डोक्यावर बाणासारखी खूण. मला तो ओळखता आला. माझी मोटारसायकल बांधावर उभी होती. प्राथमिक आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर होते.

लोक त्याला भगताकडे घेऊन निघाले. मी म्हणालो, दवाखान्यात नेऊ या. एक वडीलधारे म्हणाले, साहेब, आधी उतरवून घेऊ, मग नेऊ. मी गप्प बसलो. मी नवा माणूस, गावाशी माझे काम, उगाच कोणाच्या श्रद्धेत कशाला पडा, असा विचार केला. त्या गड्याच्या बायकोने तेव्हा माझ्याकडे पाहिले होते. ती काही बोलली नाही.

भगताच्या पडवीत आम्ही दोन तास होतो. निरगुडीचा डहाळा खांद्यापासून बोटाकडे उतरत होता आणि मंत्र चालला होता. वर जे लयीचे वर्णन केले ते त्या दिवशीचेच आहे. मला खोटे बोलवत नाही, त्या आवाजाने मीसुद्धा शांत झालो. गड्याचा घाम थांबला. हात सुजला होता, पण तो उठला, चालत घरी गेला, दुपारी पेजही प्याला. मंत्राने उतरला, असे सगळे म्हणाले. मीही मोटारसायकल काढून पुढच्या गावी गेलो. रात्री त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला दवाखान्यात नेले, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. चौथ्या दिवशी तो गेला.

फुरशाचे विष असेच आहे, वाचकहो, आणि म्हणूनच ते भगताला इतके यश देते. ते नागासारखे तासाभरात श्वास बंद करत नाही. ते रक्ताचे गोठणे मोडते, आणि ते काम दिवसा-दोन दिवसांनी दिसते. तोवर रोगी बोलतो, चालतो, जेवतो. शिवाय प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. काही दंश कोरडे असतात, आणि कित्येक साप मुळी बिनविषारी असतात. ते सगळे रोगी मंत्राने बरे होतात! उरलेल्यांचे मरण चौथ्या दिवशी, दूरच्या दवाखान्यात होते. त्याचा दोष दवाखान्याला. दवाखान्यात डॉक्टर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर विष अंगात आहे. इतकी साधी परीक्षा. मग नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी एकच लस देतात. ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दंश झाला की हातातली अंगठी, कडे, पायातले जोडवे लगेच काढा, कारण सूज येते. तो अवयव फळीला बांधून हलवू नका. कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. १०८ ला फोन लावा, आणि गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.

विंचवाचेही तसेच. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना मारत असे, आणि विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगाव होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध त्यावर वापरून दाखवले आणि जगभरच्या डॉक्टरांना ते पटवले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावी बसून केलेले हे काम आहे.

कायद्याचेही सांगून ठेवतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडत होते त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात तो विधिमंडळात मंजूर झाला. भूत बोलावतो अशी धमकी देऊन घबराट पसरवणे आणि दवाखान्यात जाण्यापासून अडवणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. पूजा, यात्रा, भजन, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही. तेव्हा गाऱ्हाण्याला भ्यायचे कारण नाही. जयबाची गोष्ट सांगायलाही बंदी नाही. मात्र कायद्याच्या नावातच नरबळी हा शब्द आहे, हे किल्ल्यात फिरताना मला दर वेळी आठवते.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा तिकडे गेलो. आधी कऱ्हाटेश्वराला गेलो. समुद्राच्या अगदी काठाशी, कड्याखालचे हे शंकराचे देऊळ चुकवू नका. गोमुखातून गोड पाणी येते आणि खाली लाटा आपटतात. पुढे जयगडचे दीपगृह आहे, १९३२ सालचे, ओतीव लोखंडाचे. संध्याकाळी त्या गावात पोचलो. तो भगत केव्हाच वारला. त्याचा मुलगा, आता सत्तरीचा, पडवीत जाळे विणत बसला होता. त्याने मला ओळखले नाही. मी ओळख दिली, साल सांगितले. तो थोडा वेळ जाळ्याकडेच पाहत राहिला.

“बाबा, तुमच्याकडे तो मंत्र आहे का?” मी विचारले.

“हाय,” तो म्हणाला. “बापसाने दिला. गिराणाच्या रात्री, खाडीत बेंबीइतक्या पाण्यात उभं करून.”

मंत्र त्याने सांगितला नाही आणि मीही मागितला नाही. पण दुसरे सांगितले. तो गडी गेल्यावर त्याचा बाप दहा-बारा दिवस जेवला नव्हता. मंत्रात कुठे चूक झाली, एवढाच त्याचा घोर. मग एक दिवस त्याने ठरवले की साप उतरवायचा तो पडवीत नाही. माणूस आला की तो विचारी, गाडी आहे का? गाडीत रोग्याशेजारी स्वतः बसे आणि दवाखान्याच्या दारापर्यंत मंत्र म्हणे. दारात उतरून बाहेर पायरीवर बसून राही. डॉक्टर आधी हसायचे, मग चहा द्यायला लागले.

“लोक ऐकायचे?” मी विचारले.

“बापूस बोलला म्हणजे ऐकायचे. तुम्ही सांगितलेलं कोणी ऐकलं नसतं, सायेब.”

हे खरे असेल. मी त्या दिवशी आणखी दोन वाक्ये बोललो असतो तर ऐकले असते की नाही, ते मला कळायला आता मार्ग नाही. त्या गड्याच्या बायकोची चौकशी केली. ती लेकाकडे मुंबईला राहते असे कळले.

मुलगाही बापाची रीत चालवतो. फोन आला की गाडीत बसतो. अलीकडे त्याने आणखी एक काम अंगावर घेतले आहे. मिरग लागला की पहिल्या आठवड्यात तो आरोग्य केंद्रात जातो आणि सापाच्या लशीच्या किती बाटल्या आहेत ते विचारून येतो. एका वर्षी दोनच होत्या. तेव्हा त्याने सरपंचाला सोबत नेले, आणि बाटल्या येईपर्यंत दर सोमवारी जाऊन बसला. मला म्हणाला, तुम्ही सरकारी माणूस, या वर्षी तुम्हीपण एकदा विचारा. मी जूनमध्ये विचारले. पुरेशा होत्या. तुमच्या गावच्या केंद्रातही विचारायला हरकत नाही, तो आकडा कोणी लपवून ठेवत नाही.

परतताना मी आलेल्या वाटेने गेलो नाही. जयगडच्या धक्क्यावरून तवसाळला फेरीबोट जाते. मोटारी, दुचाक्या, माणसे, आंब्याच्या पेट्या, सगळे एकत्र. तुम्हीही तसेच करा, पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर असा सुंदर किनारा आहे. सुटण्याची वेळ धक्क्यावर आधी विचारून घ्या. बोट खाडीच्या मध्यावर आली की मागे वळून पाहा, किल्ल्याचा तट तिथून सगळ्यांत चांगला दिसतो.